लॅपटॉप उठतो, पण जागा होत नाही

३ तारीख, सोमवार. सकाळ.
ताईचा लॅपटॉप झोपेतून उठला की वायफाय पकडायला दीड मिनिट घेतो. जेवताना जाहीर केलं, दोन मिनिटांचं काम आहे, मी करतो. कुणाला काही वाटलं नाही. आई म्हणाली, आधी ताट उचल.

भानगड अशी. ताईचं ऑफिस घरून. तिच्या साहेबांना खोड, दिवसात कधीही मीटिंगला बोलावणार आणि मिनिटाच्या आत हजर हवं. आणि आमच्या बाबांना खोड, उघडं झाकण दिसलं की बंद करणार. डबा असो, लॅपटॉप असो. शुक्रवारी ताईला पर्मनंट करायचं की नाही ते ठरणार. तोवर अजून दोनदा उशीर झाला तर गाशा गुंडाळायचा. सहा महिने राबली बिचारी. आता सगळी मदार माझ्यावर.

दुपारी.
डोकं शांत करायला फोनवरून नवीन वायफाय सोडलं. नाव ठेवलं 'काका चष्मा डोक्यावर आहे'. खालच्या मजल्यावरचे काका फुकटचं नेट शोधत फोन धरून फिरत असतात. नाव वाचून डोकं चाचपलं. चष्मा नाकावरच होता. असल्या माणसाला मतदानाचा हक्क आहे.
नेहमीसारखं आधी ताईच्या लॅपटॉपला जोडून बघितलं होतं. कच्चा माल मी बाजारात सोडत नाही.

४ तारीख, मंगळवार.
राउटर कपाटावर चढवला. बाबांना वाटलं अडगळ, माळ्यावर टाकला. दोन तास नेट नाही. ताई म्हणाली, तू हात लावू नकोस. डॉक्टरला पेशंट असंच म्हणतो.

५ तारीख, बुधवार.
रिपेअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सेव्ह झालेल्या नेटवर्कची यादी बघ, जुनी उडव, उठल्यावर लॅपटॉप एकेकाला हाका मारत बसत असेल. हसू आलं. दुकानात बसून हा आमच्या घरच्या याद्या काढणार. आमच्या घरात वायफाय एकच.
व्हिडिओ बघून नवीन ड्रायव्हर टाकला. वायफाय तसंच, आवाज गेला. म्हणजे ड्रायव्हरमध्ये दम आहे, दिशा चुकली.
साहेबांनी बोलावलं. ताई दीड मिनिट उशिरा पोचली, वर मुकी. एक उशीर झाला. जुना ड्रायव्हर परत टाकला, आवाज आला.
संध्याकाळी तिचं मन हलकं करायला 'टकल्याची मीटिंग' नावाचं वायफाय काढलं, तिच्या लॅपटॉपला जोडलं. ती हसली नाही. शिकलेल्या लोकांना विनोद कळत नाही.

६ तारीख, गुरुवार.
रात्रभर विचार केला, म्हणजे झोपलो. सकाळी सुचलं. उठताना त्रास होतो ना, मग झोपूच द्यायचं नाही. सेटिंगमध्ये झोप कायमची बंद. झाकण पाडलं तरी टक्क जागा. हे त्या रिपेअरवाल्याला सात जन्मांत सुचलं नसतं.

दुपारी ३.
बाबांनी झाकण पाडून वर उशी ठेवली. लॅपटॉप आत जागाच, तापून तव्यासारखा. बॅटरी संपून बंद पडला. नेमकं साहेबांनी बोलावलं. दुसरा उशीर. म्हणजे उद्या गाशा. ताईनं लॅपटॉप माझ्यापुढे आणून आदळला. चूक उशीची आहे. झोप परत चालू करून दिली, उपकार म्हणून.

७ तारीख, शुक्रवार. सकाळी ११.४०
साहेबांनी बोलावलं. बाबांनी झाकण पाडलेलंच होतं. पुन्हा दीड मिनिट. मी दाराआड. साहेब शांतपणे म्हणाले, रोज कारण ऐकतोय, आज दाखवा, स्क्रीन शेअर करा. सेव्ह केलेली नेटवर्क उघडा.
उघडली. एकसष्ट.
साहेबांनी अकरा माणसांसमोर एकेक नाव मोठ्यानं वाचलं. चष्म्याच्या नावाला दोघं हसले. 'टकल्याची मीटिंग' आली तेव्हा कुणीच हसलं नाही. साहेबांनी डोक्यावरून हात फिरवला. विचारलं, हे कुणी केलं. ताईनं सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. रक्ताचं नातं.
साठ नावं उडवायला तिला चार मिनिटं लागली. साहेब म्हणाले, आता झाकण लावून उघडा. तीन सेकंदांत हजर. ते म्हणाले, उशीर तुमचा नव्हता, पत्र संध्याकाळी पाठवतो.
म्हणजे नोकरी माझ्या यादीमुळे पक्की झाली. घरात कुणी आभार मानले नाहीत.

८ तारीख, शनिवार.
सकाळपासून फोनला घरचं वायफाय मिळत नाही. ताईनं पासवर्ड बदललाय. वायफायचं नावही. यादीत बघितलं तर वरच लिहिलंय, 'आधी ताट उचल'.
जिन्यात खालच्या काकांनी अडवलं. चष्मा पुसत म्हणाले, काय रे, उचललंस का?