चिंचेवरचं डांबर

काका, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत झाडावर चढायला मला कोणी कागद मागितला नव्हता. आता मागतात. नगरपालिकेचं काम असो की मिलच्या कॉलनीतलं, झाडाला करवत लावायची तर आधी प्रमाणपत्र दाखवा म्हणे. बावन्नाव्या वर्षी मी वर्ग शोधत फिरलो. तुम्हाला हसू आलं असतं, मला शिसारी आली. पहिला वर्ग इंदूरला, तीन दिवसांचा, हॉटेलच्या हॉलमध्ये. पडद्यावर झाडांची चित्रं, दुपारी पनीर, आणि शेवटी प्रत्येकाचा हेल्मेट घालून फोटो. हेल्मेट एकच. ते चाळीस डोक्यांवरून फिरत माझ्यापर्यंत आलं तेव्हा आतून चिकट ओलं होतं. मी शिकवणाऱ्याला विचारलं, दोर कधी बांधायचा? "अरे भाईसाहब, चढ़ना किसको है? चढ़ेगा लेबर. आप तो सर्टिफिकेट लो." असलाच कागद मिळवलेल्या एका ठेकेदाराने आमच्या बुधवाऱ्यातले चार निंब छाटले होते. छाटले कसले, खुंट करून ठेवले. फांद्या ओढून मोडलेल्या, साल खालपर्यंत फाटलेली, आणि लोक चहा पीत म्हणतात, "अब कैसा साफ लग रहा है." मी तो कागद न घेताच परत आलो.

फाटलेली साल दिसली की मला कॉलनीतला तो दिवस दिसतो. तुम्ही मिलच्या बागेचे मुकादम, मी नवा माळी. निंबाची जाड फांदी मी वरूनच कापत सुटलोय, ती अर्ध्यात कडाडते आणि हातभर साल खोडावरून ओढत खाली नेते. तुम्ही फोपनारचे, केळीवाल्यांच्या घरातले. खालून ओरडता, "काय रे भो, झाड आहे का केळं? सोललं ना पार!" मी उतरल्यावर ती सालीची पट्टी माझ्या हातात देता. "घरी ने. आईला दाखव. सांग, आज मी एकाची कातडी काढली." मी खरंच नेली. आई पट्टीकडे बघत राहिली. त्यानंतर आधी खालून काप, मग वरून, ही रीत माझ्या हाताने एकदाही सोडली नाही. बाकीचंही तुमचंच. राहिलेलं बूड खोडाशी अगदी सपाट, हात फिरवला तर कुठे अडकायला नको, आणि घावावर मिलमधलं डांबर. तुम्ही गेल्यावर मात्र मी सगळ्यांना सांगत आलो, की मी माझं मीच शिकलो. तसं म्हटलं की लोक जरा वाकून बोलतात.

दुसरा वर्ग सहा महिन्यांचा. दोर, चढण, शेवटी झाडावरच परीक्षा. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, तुमचं एखादं जुनं काम दाखवा, चांगलं असेल तर निम्मा अभ्यासक्रम माफ करू. मी छाती काढून त्यांना जैनाबादच्या चिंचेकडे नेलं. तुम्ही असतानाच मी एकट्याने फांद्या छाटून हलकी केलेली, माझं सगळ्यात नीट काम. त्यांनी झाडाभोवती सावकाश फेरी मारली. "एकाही घावाखाली साल फाटल्याची खूण नाही. हे कोणी शिकवलं तुम्हाला?" "कोणी नाही मॅडम. माझं मीच." मग त्यांनी एका घावावरची डांबराची खपली चाकूने उचकटली आणि आत काठी घातली. काठी हातभर आत गेली. बाहेर काढली तर टोकाला काळा, ओला भुगा, कुजका वास. दुसरा घाव तसाच. तिसराही. "फांदीच्या बुडाशी फुगीर कडं असतं ना, झाड घाव तिथूनच भरत आणतं. सपाट कापताना ते कडंच गेलं. आणि डांबराने ओल आत कोंडली." रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "हे डांबर कुठून आलं?"

आणि काका, मी श्वास घ्यायलाही थांबलो नाही. म्हणालो, "आमचे एक म्हातारे मुकादम होते. त्यांनी लावलेलं वळण."

तेव्हा सगळेच डांबर लावत होते. हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत असणार, पण मी ते बोललो नाही. इंदूरच्या त्या ओल्या हेल्मेटाची किळस मी चार जणांना रंगवून सांगितली आहे. ही माझी स्वतःचीच किळस कोणाला सांगू? माफी काही मिळाली नाही, सहाही महिने करावे लागतील, तेही पोरांच्या रांगेत बसून. करीन. फॉर्म सोमवारपर्यंत द्यायचा आहे, भरूनही झाला आहे. फक्त 'यापूर्वी कोणाकडे शिकलात' असा एक रकाना आहे. त्यात मी 'स्वतः' असं लिहिलं होतं, ते काल खोडलं. हे पत्र तर कुठे टाकायचं नाही, म्हणून यात खरं सांगतो: तिथे तुमचं नाव अजून लिहिलेलं नाही.