निपाणीचा सूर्यास्त

६ जानेवारी १९३७, मुरगाव
सकाळी शिडे उभारली. दादाचे अनगोळहून आलेले पत्र बंदरावर मिळाले : "या वयात समुद्र ओलांडून काय मिळवणार?" फाडले. मी शाळा काढली तेव्हाही असेच विचारत होता.
कर्नलसाहेब बेळगावच्या कॅम्पातून पेन्शनीत निघालेले. आफ्रिकेत मोंबासाजवळ मळा घेतलाय, स्वतःची यॉट घेऊन कायमचे चालले. निपाणीच्या पद्माक्काचा मुलगा तिथे त्यांचा शेजारी, तंबाखूचा व्यापार. आईला घेऊन या म्हणाला. आक्का निपाणीबाहेर एकटी कधी गेली नाही, म्हणून सोबत मी, तिची जुनी मास्तरीण.
खोलीत गालिचा, पितळी नळ, पुस्तकांचे कपाट. आक्का पलंगावर बसेना. "लई मऊ हाय बाई, बुडाल्यागत वाटतंय."

८ जाने.
आक्का जैन. दिवस मावळल्यावर अन्न-पाणी नाही, रात्र उलटलेले शिळेही नाही. साहेबांच्या भांड्यांतले तर कधीच नाही. बोटीवर शेगडी एकच. कर्नलचा कायदा : पाच ते सहा आक्काची, एरवी पेद्रू खानसाम्याची, नाहीतर विझलेली. लाकडी बोट आहे, ठीक. साडेपाचला आक्काची भाकरी-आमटी आटोपते. मला ओकाऱ्या. तिला काही नाही.

११ जाने.
घोटाळा. आपण पश्चिमेला चाललो, क. रोज दुपारी बोटीचे घड्याळ मागे घेतात. आक्काचे घड्याळ निपाणीचे, त्याला हात लावू देत नाही. सूर्यास्ताचे टिपणही तिथलेच. आज भाकरी तव्यावर आणि हिच्या घड्याळात दिवस मावळला. बाहेर लख्ख ऊन. ताट झाकून ठेवले.
"डोळे आहेत ना? तो बघ सूर्य."
"दिसतोय की. पण नेम म्या निपाणीत घेतलाय, मुनीम्हाराजांपुढं. ह्या पाण्यात न्हाय."
"मग सकाळी घड्याळ बघून अंधारात पाणी पिशील?"
"सकाळी सूर्य बघून. दोनी बाजूनं कडक."
भूगोल हिला मीच शिकवला होता.

१३ जाने.
दोन दिवस आक्का चुरमुरे-गुळावर. क. ना सांगितले, शेगडी तीनला द्या.
"मॅडम, एका बाईच्या घड्याळावर बोट चालत नाही."
"तुमच्या आठच्या जेवणावर चालते," म्हटले. ते नकाशाकडे वळले.

१५ जाने.
चुरमुऱ्यांचा डबा रिकामा. शिडी चढताना आक्का मधेच बसली. हात गार. मी पुन्हा सूर्याचे सुरू केले, तर म्हणाली, "पोरगं काय म्हणंल ते ऱ्हाऊ द्या. नेम मोडून त्येच्या दारात गेले तर मीच मला काय म्हणू?"
पुरे. उपाशी तिने राहायचे आणि तर्क मी लढवायचा! कॉलेजात एकटी मुलगी म्हणून मला वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवत. नियमच होता. बाक उचलून आत नेला होता मी.

१६ जाने.
तीनला शेगडी पेटवली. पेद्रू रडकुंडीला : "बाई, साहेब मला दर्यात टाकतलो!"
"सांग, म्हातारीने ढकलले."
शेजारी पाण्याची बादली. बोट कलली, पीठ अंगभर. भाकऱ्यांना आकार कसला तो नाही. आक्काने दोन खाल्ल्या.
"बाई, तुमास्नी भाकरी येत न्हाय."
"गप जेव."
धुराच्या वासाने क. आले. लालबुंद. आग लागली असती म्हणाले. लागली असती, खरे आहे. शेगडीच्या खोलीला कुलूप.

१७ जाने.
रात्री साहेबांच्या टेबलावर जेवायला गेले नाही. आक्का चिडली : "तुमचा कसला नेम?"
"आजपासूनचा."

१९ जाने.
पेद्रूहाती क. ची चिठ्ठी. नियम मोडल्याची लेखी माफी द्यावी, मग शेगडी तीनला मिळेल. वारा असाच राहिला तरी मोंबासा आठ दिवस.
आक्काला वाचून दाखवली. वाटले, म्हणेल लिहू नका. म्हणाली, "लिवा की. तुमचा मान मोठा का माझं प्वाट?" मग तोंड फिरवून, "खोटं मातुर लिवू नगा."
अर्धा तास कागद समोर. शेवटी दोन ओळी : आगीची जोखीम घेतली, त्याबद्दल माफी मागते. शेगडी पेटवली, त्याबद्दल नाही.
पेद्रू घेऊन गेला. पावणेतीन. परात घेऊन दोघी कुलपाशी बसलो आहोत. आक्का म्हणते, आज भाकरी मी थापणार, तुम्ही लांब बसा.
शिडीवर बूट वाजताहेत. पेद्रू अनवाणी असतो.