तळाशी दोन बोटे आठकोनी

मी, सुताराची थोरली मुलगी, उद्या हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल होत आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. मला काळजी करायला कारण लागत नाही. म्हणून डोके ठिकाणावर असताना, कोणी भरीस न घालता, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. (धाकटी मागे उभी राहून वाचते आहे, तो दबाव समजू नये.)

१. बँकेतली माझी बचत बाबांना. त्यातून आधी करवतीच्या पात्यावरचे झाकण बदलावे. ते सैल झाले आहे, हे मी पुष्कळदा सांगितले आहे.

२. टेबल-सॉ, म्हणजे आमची टेबलातली करवत, मी माझ्या कमाईतून घेतली. ती धाकटीला देते, पण अट आहे: लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, चढवायचा ठोकळा यापुढे तिने स्वतः कापावा. लांब दांडा आधी नीट चौकोनी करून घ्यावा. मग पाते तिरके करून चारही कडा उतरवाव्यात, म्हणजे तो आठकोनी होतो आणि लेथवर हत्याराला धक्के देत नाही. आखूड तुकडे त्यानंतरच पाडावेत. आखूड तुकड्याच्या कडा उतरवायला जाऊ नये. पाते तो अंगावर फेकते. लाकूड पुढे ढकलायची माझी काठीही तिलाच. त्या काठीवर पात्याचे जे चावे आहेत, ते माझ्या बोटांवर पडले असते.

३. आम्हा दोघींना बाबांनीच शिकवले. लेथवर कोण, हे ठरले तेव्हा ते म्हणाले, "थोरलीचं माप चुकत नाही, ती करवतीवर. धाकटीचं चुकतं, पण लेथवर सावरून घेता येतं." म्हणजे न चुकल्याची मला शिक्षा झाली. धाकटीच्या फुलदाण्या तळाशी तिचे नाव डागून बाहेर जातात. माझ्या पेन्सिलच्या खुणा, माझी सरळ कापलेली बाजू, सगळे किसात जाते, आणि तो कीसही मीच झाडते. गिऱ्हाइके तिला म्हणतात, "काय हात आहे गं तुझा!" एकदा एक बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तूही शिकून घे हो हिच्याकडून." मी "हो" म्हणाले. त्या बाईंना माझे काहीही देऊ नये.

४. माझ्या पलंगाखाली अक्रोडाचा ठोकळा आहे. तडकू नये म्हणून टोकांना मेण लावून मी तो सुकवला आहे. तो धाकटीने कातावा, पण तळाशी दोन बोटे तो आठकोनीच ठेवावा. तिथले करवतीचे ओरखडे घासू नयेत. तिचे नाव डागायचे असेल तर माझ्या सपाट बाजूवर डागू नये.

इथवर वाचून धाकटी म्हणाली, "ताई, एवढी जळतेस माझ्यावर?"

"हो."

"मग सरळ लिही ना तसं. अटीत कशाला गुंडाळतेस?"

लिहिले.

"आणि परत आलीस तर? त्याचं कलम कुठंय?"

मृत्युपत्रात असे कलम बसत नाही, असे मी सांगितले. ती म्हणाली, "तुझं माप चुकत नाही ना? बसव."

५. मी परत आले, तर वरचे सगळे रद्द. अक्रोड लेथवर मी चढवीन. धाकटीने बाजूला उभे राहावे आणि तोंड बंद ठेवावे. माझा हात चुकला, ठोकळा वाया गेला, तरी बाबांनी मला करवतीवर परत पाठवू नये.

हे कलम बाबांना वाचून दाखवले. लेथवर धाकटीची अर्धी कातलेली फुलदाणी होती. ती सोडवून त्यांनी फळीवर ठेवली आणि लेथ पुसली. धाकटीचा चेहरा उतरला. मला बरे वाटले, हेही नमूद करते.

सही: थोरली

साक्षीदार: शेजारचे गादीवाले आणि पात्यांना धार लावणारे काका. (धाकटीला वाटा असल्याने तिची सही घेतलेली नाही. तिला करायची होती.)

ठिकाण: कारखाना, करवतीचे टेबल
तारीख: दाखल होण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, करवत बंद करून