रोजचा एक तांब्या

मंजूषा,

मी सकाळच्या एसटीने अकोल्याला कुसुमताईकडे जाते आहे, गुरुवारी येईन. गच्चीवरचा खताचा ड्रम तेवढा फेकू नकोस. वास खताचा नाही, मी रोज ओतलेल्या जास्तीच्या पाण्याचा आहे. काल नर्सरीवाल्याने आत पाहिलं आणि म्हणाला, "आजी, खत करून राह्यल्या का कढी?" आज मी त्यात ओल शोषायला कडुलिंबाची वाळलेली पानं घातली आहेत. संध्याकाळी काठीने खालीवर कर आणि झाकण थोडं उघडं ठेव.

बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तुझ्या सासऱ्यांना साधी तुळस जगवता आली नव्हती. रिटायर झाल्यावर मोठ्या हौसेने खत करायला शिकले. दवाखान्यातही त्यांनी शेवटचं हेच विचारलं, "ड्रमले पानी देल्लं का?" मी "देते" म्हणून घरी आले. पाणी घालत असतानाच दवाखान्यातून आपल्या महेंद्रचा फोन आला, ते गेले म्हणून.

त्यांच्या तोंडात पाणी घालायचं राहून गेलं गं. म्हणून मी रोज ते ड्रमात घालत होते.

आता नाही घालणार. तांब्या घासून पालथा ठेवला आहे.

आई