हॉलिन्शॉच्या बायकांची बोली

१२ नोव्हेंबर १९३२, शनिवार

सासूबाईंनी आज मला तिन्हीसांजेला पुन्हा अंघोळ करायला लावली. केली मुकाट्याने! मडमेच्या घरचं पाणीसुद्धा प्याले नव्हते, नुसती व्हरांड्यात बसले होते. पण सासूबाईंना कोण समजावणार?

क्लेग मडम म्हणजे ह्यांच्या गिरणीत विणकामाचे मास्तर होते त्या क्लेगसाहेबांची बायको. साहेब गेल्या वर्षी वारले. गिरणीमागच्या बंगल्यात ती एकटी राहते, उन्हाळा लागायच्या आत विलायतेला परत जाणार. तिने कचेरीत ह्यांना निरोप धाडला — कारकून गंगाधरांनी आपल्या मुलीला आणि बायकोला माझ्याकडे पाठवावं. हे घाबरलेच. दसऱ्याला गिरणीत साच्यांची, म्हणजे मागांची पूजा झाली तेव्हा आम्ही प्रेमाला घेऊन गेलो होतो. वाटलं, पोरीने काही मोडलं की काय!

तसं काही नव्हतं. मडमेने प्रेमाची हनुवटी धरली, तोंड वर केलं आणि मला म्हणाली, "ही पोर मुकी न्हाय. ही लोकांची तोंडं बघती. मी बघितलंय तिला."

मी थक्क. एक तर प्रेमाबद्दल असं कोणी म्हणालं नव्हतं. दुसरं म्हणजे गोरी बाई अस्सल आपल्या सोलापुरीत बोलते! तीस वर्षं गिरणीत सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांत काढली, त्यांच्याकडूनच शिकली. लई म्हणते, हितं म्हणते. मी मात्र तिच्यापुढे पुस्तकासारखी बोलत होते.

१५ नोव्हेंबर

प्रेमा चार वर्षांची असताना तापात कान गेले. आता सातवं. बोलायची थोडंफार, तेही हळूहळू बंद झालं. डॉक्टर झाले, वैद्य झाले. शाळेतल्या बाईंनी हात जोडले. मग घरात ठरलं की गुढीपाडवा झाला की तिला वैरागला मामंजींकडे ठेवायची. तिथे महादेवाची पूजा आपल्याच घराण्याकडे आहे. देवळात बसून वाती वळेल, बेल निवडेल, दोन वेळचं मिळेल. सगळे म्हणतात सोय चांगली आहे. हेही हो म्हणाले. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर काय सांगणार होते?

आज मडमेला हे सांगताना रडू आलं. ती म्हणाली, पाडव्याला अजून वेळ हाय की. रोज आण तिला.

१ डिसेंबर

हॉलिन्शॉ. आज हे नाव दहादा म्हणून बघितलं तेव्हा जिभेवर बसलं. मडमेचं विलायतेतलं माहेर. डोंगराच्या कुशीतलं खेडं, खाली ओढा, ओढ्याच्या काठाने गिरण्या. दगडी घरांच्या रांगा, एकाला एक चिकटलेल्या, सगळी धुराने काळी. तिथे मुली बाराव्या वर्षी साच्यावर जायच्या. तीही गेली.

आणि साच्यांचा आवाज तर कोण! आपल्या गिरणीत मी दाराशी उभी राहिले तरी छाती धडधडते. तिथे शेकडो साचे एका छपराखाली. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून हॉलिन्शॉच्या बायकांनी आपली एक बोली काढली — आवाजच काढायचा नाही! ओठ, जीभ, गाल सगळं मोठं मोठं हलवायचं. समोरची बघून ओळखते. असं त्या दिवसभर बोलायच्या, दूरच्या साच्यावरच्या बाईशीसुद्धा. कुणाला दिवस गेले, कुणाच्या नवऱ्याने पगार दारूत घालवला, सगळं. म्हाताऱ्या झाल्या, कान गेले, तरी त्यांचं काही अडायचं नाही.

"आमच्या गावात निम्म्या बायका बहिऱ्या," मडम म्हणाली. "मुकी एक बी न्हाय."

घरी येईपर्यंत हेच मनात घोळत होतं.

३ डिसेंबर

पहिला धडा मलाच! मी हसताना, बोलताना पदर तोंडाशी नेते. लहानपणापासूनची सवय, मोठ्यांसमोर तसंच शिकवलं. मडमेने पदर खाली ओढला. म्हणाली, पोरीचे कान तिथं हायत, आणि तू त्यावर फडकं टाकतीस.

तीन वर्षं मी माझ्या लेकीसमोर तोंड झाकून बोलत होते. देवा!

१८ डिसेंबर

प्रेमाला आज 'पाणी', 'भाकरी', 'मांजर', 'चल' ओळखता आलं. 'पाणी' आणि 'पान' यांत अडते. मडम आरशासमोर बसवून तिच्याकडून तेच ओठ करून घेते. कंटाळली की एक बिस्कीट. (सासूबाईंना सांगितलेलं नाही.)

सासूबाईंचं मात्र एक नवल. मला अंघोळ करायला लावणं सोडलेलं नाही, पण रात्री मी भांडी घासायला बसले की जवळ येऊन बसतात — आज काय सांगितलं तुझ्या मडमेने? मी सांगितलं, हॉलिन्शॉला गिरणीत भोंगा नव्हता तेव्हा एक म्हातारी लांब काठीला तारा बांधून पहाटे गल्लोगल्ली फिरायची. माडीवरच्या खिडक्यांवर काठी वाजवून लोकांना उठवायची. मडमेची आजीच ती! सासूबाईंनी विचार करून विचारलं, "आणि तिला कोण उठवायचं?"

मडमेला उद्या विचारायला हवं.

१९ डिसेंबर

विचारलं. आजी रात्रभर झोपायचीच नाही. सगळ्यांना कामावर घालवलं की मग झोपायची. सासूबाई हळहळल्या.

२ जानेवारी १९३३

आज मडमेचा चेहरा उतरलेला. हॉलिन्शॉच्या गिरण्या बंद पडल्या आहेत. तिची बहीण वर्षभर घरी बसून आहे. पूर्वी वर्षातून एक आठवडा गिरण्यांना सुट्टी असायची, सारं गाव आगगाडीने समुद्रावर जायचं. तेवढे दिवस धुराडी बंद म्हणून डोंगर स्वच्छ दिसायचा. आता रोजच दिसतो, म्हणाली.

मला बसवेना. विलायती कापड जाळलं तेव्हा माझी एक साडी मीही दिली होती, राजीखुशीने. आजही देईन. पण त्या कापडामागे तोंडं हलवून बोलणाऱ्या बायका असतील हे कुठे ठाऊक होतं? मी तिला साडीचं सांगून टाकलं. ती म्हणाली, लोकांनी आपलं बघावं, त्यात काय चूक न्हाय. मग प्रेमाला मांडीशी घेऊन शिकवायला लागली. अशा बाईला काय म्हणावं! आईकडून घेतलं नसेल इतकं मी हिच्याकडून घेते आहे.

१४ जानेवारी

निजायच्या आधी लिहून ठेवते.

गड्ड्याच्या यात्रेला गेलो होतो. सिद्धेश्वराचे नंदीध्वज, त्या उंच सजवलेल्या काठ्या, यायची वेळ. हलग्या, ताशे, माणसांचा पूर. प्रेमाचा हात सुटला! मधून नंदीध्वज जायला लागले आणि ती पलीकडे, मी अलीकडे. मधली गर्दी ओलांडणं शक्यच नव्हतं. एका दुकानाच्या पायरीजवळ ती उभी दिसत होती, रडवेली, निघायच्या बेतात. मी ओरडले. कोणालाच काही ऐकू गेलं नाही, माझं मला गेलं नाही. शेजारच्या बाया एकमेकींच्या कानात ओरडत होत्या, तरी 'काय? काय?' चाललेलं.

तेवढ्यात तिची नजर माझ्याकडे आली. मी पदर कमरेला खोचला आणि हॉलिन्शॉच्या बाईसारखं तोंड केलं — तिथंच थांब. मी येते.

ती थांबली. पायरीवर बसली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मिरवणूक पुढे सरेपर्यंत आम्ही दोघी बोलत होतो. भूक लागली? हो. भीती वाटते? नाही. त्या हजारो माणसांत नीट बोलणं चाललं होतं ते आम्हा दोघींचंच!

२० जानेवारी

यात्रेपासून प्रेमाला तोंड फुटलंय. शब्द बोबडे, आवाज जाडा, पण शब्द. आज मला विचारते, "बाबा बोलत नाहीत?"

मला आधी कळेना. मग कळलं. ह्यांच्या मिशा दाट, ओठांवरून खाली आलेल्या. तिला त्यांचे ओठ दिसतच नाहीत. तिला वाटतं, बाबा मुके आहेत.

आणि ह्यांना वाटतं, पोरीला आपली ओढ नाही. म्हणून तर वैरागला हो म्हणाले. परवाच म्हणत होते, ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही, इथे राहिली काय आणि तिथे राहिली काय.

२१ जानेवारी

मडमेला सांगितलं तर ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. क्लेगसाहेब हॉलिन्शॉला साचे दुरुस्त करणारे जॉबर होते. मिशी ही एवढी! साच्यापलीकडून तिला लग्नाचं विचारायचे, आणि हिला वाटायचं तेलाच्या डब्याबद्दल विचारतायत. ही डबा पुढे करायची. बिचारे घेऊन जायचे. शेवटी एका सोमवारी मिशी सफाचट करून आले आणि परत विचारलं. तेव्हा कळलं.

मी हसले, पण घरी येताना हसू गेलं. साहेबांचं ठीक. आपल्यात मिशी कधी काढतात?

२३ जानेवारी

बोलू नये ते बोलले. ह्यांना सगळं सांगितलं, प्रेमा काय म्हणाली तेही. ऐकताना डोळे भरले त्यांचे. मग मी मिशीचं काढलं.

ताटावरून उठले. म्हणाले, "माझे वडील जिवंत आहेत."

बरोबरच आहे. बाप गेल्यावर काढायची मिशी ती. मी काय मागितलं हे म्हटल्यावर समजलं. सासूबाईंनी अबोला धरला आहे, आज हॉलिन्शॉचंसुद्धा विचारलं नाही.

५ फेब्रुवारी

हे मिशा वर धरून प्रेमाशी बोलायचा प्रयत्न करतात. ती हसते आणि पळते.

४ मार्च

मडम गेली. स्टेशनवर आम्ही तिघी — हो, सासूबाईसुद्धा! त्यांनी शेंगाचटणीचा पुडा हातात ठेवला आणि हातही धरला. गाडी हलली. खिडकीतून मडम प्रेमाशी बोलत राहिली, बिनआवाजाचं, डबा लांब जाईपर्यंत. प्रेमा उत्तरं देत होती.

परत आल्यावर सासूबाई स्वतःही अंघोळीला गेल्या नाहीत.

२१ मार्च

मामंजी आले, प्रेमाला न्यायला. पाडवा पुढच्या सोमवारी, दोन-चार दिवस आधीच नेतो म्हणाले. तिचे दोन परकर मी घडी करून ठेवले. कामं करताना काही सुचत नव्हतं.

२२ मार्च

मामंजींचं तोंड तुळतुळीत, पूजा करणारा माणूस, त्यांचे वडील गेल्यापासून मिशी नाहीच. काल ते सहज म्हणाले, पोरी, तांब्या आण गं. प्रेमाने आणला! म्हातारा चाटच पडला. रात्री जेवण होईपर्यंत तिला विचारत बसले — गाय कशी हंबरते, देवळात किती पायऱ्या. ती आपली उत्तरं देतेय. मग म्हणाले, हिला सगळं समजतं, मग बापाजवळ का जात नाही?

मी ताटं उचलायला लागले. सासूबाईंनीच तक्रार केली — सूनबाई म्हणते, तुम्ही जिवंत असताना त्याने मिशी काढावी!

हे भिंतीकडे बघत बसलेले. मामंजी बराच वेळ पानाला चुना लावत राहिले. मग ह्यांना म्हणाले, "अरं, मी गेल्यावर माझ्यासाठी काढणारच हायस की. तवा मला कुटं दिसणार? आत्ताच काढ. मला बी बघू दे, आन् पोरीला बी."

२३ मार्च

सकाळी न्हाव्याकडून आले. वरचा ओठ पांढरा, लहान मुलासारखा. शेजारचे सिद्रामप्पा दुखवट्याला म्हणून तोंड पाडून दारात आले, तर मामंजींनीच त्यांना पाट दिला!

हे प्रेमासमोर उकिडवे बसले आणि आवाज न करता काहीतरी विचारलं. मी बाजूला होते, मला दिसलं नाही. ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली, मग तिने बोट लावून बघितलं. आणि मोठ्याने म्हणाली, "इथंच."

मामंजी दुपारच्या गाडीने एकटेच वैरागला गेले.