एक ताटली भजे

॥ श्री ॥

उमापूर,
ता. ८ जानेवारी १९७३

सौ. वच्छलाताई यांस,
भामाचा सा. न. वि. वि.

संक्रांतीच्या आधी तुमचं पत्र येईल म्हणून वाट पाहिली. नणंदबाई रुसल्या असतील असं समजून शेवटी मीच लिहायला बसले. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे दुष्काळात माणसानं जेवढं बरं असावं तेवढे. विहिरीत आता पोहरा टाकला की नुसता दगडाचा आवाज येतो. टँकर आला तर पाणी. रेशनच्या मिलो ज्वारीची भाकरी थापता थापता तुटते, अन् विटेसारखी लाल म्हणून पोरं तिला इटकर म्हणतात. बैल छावणीत नेऊन बांधले, त्या दिवशी तुमचे दादा जेवले नाहीत.

दादा सोसायटीत अडकलेले असतात. मिलोचं वाटपही आता सोसायटीकडेच दिलंय, त्यामुळे दिवस उगवायच्या आत लोक दारात. मी आणि आत्याबाई तलावाच्या कामावर जातो. या वयात त्यांनी मातीच्या पाट्या उचलू नयेत असं मी परोपरीनं सांगितलं, पण तुमच्या आईला तुम्ही ओळखताच. मुकादम भला आहे, त्यांना पाट्या नुसत्या भरू लागायला बसवतो. तिथं मिळणारी सुकडी त्या तोंडात घालत नाहीत, पदराला बांधून नातवंडांना आणतात. आठवड्याचा पगार आणून माझ्या हातावर ठेवतात.

आता एक गंमत सांगते, हसू नका. बाजारच्या दिवशी आत्याबाई त्या पगारातून थोडे सुटे मागून घेतात आणि एकट्या शहादेवच्या हॉटेलात जातात. बाकड्यावर बसून एक ताटली भजे आणि वर पेशल चहा! मला आधी खरं वाटलं नाही. मी मिठाच्या निमित्तानं जाऊन पाहून आले. डोक्यावर पदर नीट घेऊन, गड्यामाणसांत बसून, त्या शांतपणे खात होत्या. वच्छलाताई, मी तुमच्या आईला इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं. मी दिसले तरी लाजल्या नाहीत.

दादांना अजून माहीत नाही. तुम्हीही लिहू नका. धोंडीराम दाजींना नमस्कार. आपला लोभ टँकरसारखा वाट बघायला लावणारा नसावा, ही विनंती.

तुमची,
भामा

---

सिरसाळा,
ता. १७ जानेवारी १९७३

ती. सौ. वहिनीस,
वच्छलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. रुसले नव्हते, धाकट्याला गोवर निघाला होता. आता उतरलाय. इथं खरेदी-विक्री संघाच्या गोदामात माल नाही, त्यामुळे हे नुसते बसून येतात आणि घरी आल्यावर माझ्या स्वयंपाकात लक्ष घालतात. त्यापेक्षा गोदाम भरलेलं बरं.

वहिनी, तुम्हाला गंमत वाटली, मला नाही वाटली. कपाळावर कुंकू नसलेली बाई हॉटेलच्या बाकड्यावर बसते, हे गावात कोणाला रुचेल? दादा सोसायटीचा सेक्रेटरी. उद्या कोणी म्हणेल, सून पोटाला घालत नाही म्हणून सासू बाहेर खाते. बोल तुम्हालाच लागेल. आईला भजे आवडतात हे मला एवढ्या वर्षांत ठाऊकसुद्धा नव्हतं. खायचेच तर घरात तळून द्या, चमचाभर तेल जास्त जाईल. हे पत्र तिला वाचून दाखवा. मुलगी रागावली आहे म्हणावं.

तुमच्यावर राग नाही. माया आहे तेवढीच आहे, तुम्हीही कमी करू नका.

आपली,
वच्छला

---

उमापूर,
ता. ३० जानेवारी १९७३

सौ. वच्छलाताईस नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या सांगतात तसंच खाली उतरवते, माझ्या पदरचं काही नाही.

वच्छे, तुला आन लेकरांला आशीर्वाद. गोवर गेला ते लई चांगलं झालं. त्याला एवढ्यात उन्हात सोडू नको.

तू म्हणतीस आईनं हाटेलात काहून बसावं. तर ऐक. मी ह्या घरात आले तवा मला नीट लुगडं नेसता येत नव्हतं. तवापासून सगळ्यांचं झाल्यावर जेवले. तव्यावरची शेवटची भाकर माजी, ती बी गार. तुजा बाप विठ्ठलराव लई चांगला माणूस. कदी हात उचलला न्हाई. पर तू बस, मी वाढतो, असं बी कदी म्हणला न्हाई. त्येचा दोष न्हाई, तशी रीतच नव्हती.

शहादेवच्या बाकड्यावर बसले की तो इचारतो, मावशी काय देऊ. मला जन्मात कुणी इचारलंय का गं, काय देऊ म्हणून? मंग कढईतून काढतो आन ताटली पुढं ठिवतो. तोंडावर वाफ येती. मी दमानं खाते. मागं कुणी जेवायचं ऱ्हायलेलं नसतं. तेवढं खाऊन उठले की आठवडाभर पाटी भराया हलकी लागती.

माजं मला वाईट वाटंना, तुला काहून वाटावं? चोरी केली न्हाई, कुणाच्या तोंडचं काढलं न्हाई. भामा मला उपाशी ठिवते असं कुणी म्हणलं तर मी त्येच्या दारात जाऊन सांगन. तू रागावू नको. तुज्या रागाचं मला भ्या न्हाई, पर तू रागात उगं जेवायची न्हाईस.

एवढंच सांगितलं आणि पुरे म्हणाल्या. ताई, मीही या घरात सगळ्यात शेवटी जेवते, पण असं कधी मनात आलं नव्हतं. पुढच्या बाजाराला मी त्यांच्याबरोबर जाऊन बसणार आहे. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा, पण पत्र पाठवायचं थांबवू नका.

तुमची,
भामा

---

उमापूर,
ता. २० फेब्रुवारी १९७३

चि. सौ. वच्छलास,
त्रिंबकचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र मिळाले. आईला काही बोलू नकोस, ती करते ते करू दे, असे तू लिहितेस. हॉटेलाचा प्रकार मला तुझ्या पत्राआधीच बाहेरून कळला होता. तुम्हा दोघींना ठाऊक होता, मला नव्हता, याचे वाईट वाटले.

तू सिरसाळ्याला आहेस. इथे काय चालले आहे ते तुला दिसत नाही. मिलोचे वाटप माझ्या सहीने होते. लोक उपाशी आहेत आणि उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटात बघतो. सेक्रेटरीची आई आणि बायको दर बाजाराला भजे खातात, तर हा पैसा येतो कुठून, असे कोणीतरी तहसिलात अर्ज करून विचारले आहे. चौकशीला माणूस येऊन गेला. पोती मोजली. सगळी भरली. पण चेअरमन साहेबांनी चार लोकांत हसून विचारले, सेक्रेटरी, भजे कसे होते? वच्छला, मी एक दाणा इकडचा तिकडे केलेला नाही. तरी त्या दिवशी मला मान वर करता आली नाही.

आईच्या तोंडावर बोलायचा धीर मला झाला नाही. म्हणून शहादेवला सांगून ठेवले आहे, की ती आली तर काहीतरी निमित्त काढून परत पाठव. भामालाही ताकीद दिली आहे. एकदा पाऊसपाणी झाले की मी स्वतः आईला भजेच काय, बीडला नेऊन हवे ते खाऊ घालीन. तोवर तिने कळ काढावी.

धोंडीरामराव यांना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. भावाला समजून घ्यावे, जास्त काय लिहू?

त्रिंबक

---

सिरसाळा,
ता. १ मार्च १९७३

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

दादाचं पत्र वाचून दोन दिवस कशात मन लागलं नाही. त्याचा जीव टांगणीला लागलाय हे कळतं. पण आईला दारातून परत पाठवायचं, आणि तेही परक्याच्या तोंडून?

आधी मीच तिला रागावले होते, त्यामुळे दादाला फार बोलायला मला तोंड नाही. मी एक ठरवलंय. पाडव्याला यांना तिकडे पाठवते. आईला चार महिने इकडे पाठवून द्या. इथं तिला कोणी ओळखत नाही. स्टँडजवळ हॉटेल आहे, मी स्वतः तिला नेऊन बसवीन आणि लांब उभी राहीन. तिला हे असंच सांगा.

पत्राचं उत्तर लवकर द्या. जीव तिकडे लागलाय, तुमची माया मागे ओढते.

वच्छला

---

उमापूर,
ता. १९ मार्च १९७३

सौ. वच्छलाताईस नमस्कार वि. वि.

तुमचा निरोप जसाच्या तसा सांगितला. आत्याबाई हसल्या. लेकीच्या घरी चार महिने राहायला मी काय म्हातारी झाले का, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, कामावरचं नाव कटलं तर घरात कमी पडेल. यायचं नाव काही काढत नाहीत. पाडव्याला दाजींना पाठवू नका, फुकट हेलपाटा होईल.

शहादेवनं परत पाठवलं, त्या दिवशी त्या लवकरच घरी आल्या. मी विचारलं तर भट्टी बंद होती एवढंच म्हणाल्या. खरं मला माहीत होतं, पण दादांनी शपथ घातलेली. मी खाली बघून भाकरी थापत राहिले.

मागच्या बाजाराला मी तेलाचा तळ पुसून घरीच भजे केले. पोरांना बाहेर पिटाळलं, आत्याबाईंना पाटावर बसवलं आणि गरम ताटली पुढं ठेवून म्हटलं, काय देऊ आणखी? त्यांनी एक खाल्लं. चांगलं झालंय म्हणाल्या. मग ताटली उचलून अंगणात गेल्या आणि पोरांना हाका मारून सगळे वाटून टाकले. मी रागावले, तर म्हणाल्या, भामे, घरात बसलं की हात आपोआप पोरांकडं जातो, तिथं माझं कुणी नव्हतं म्हणून घास उतरत होता.

ताई, याच्यावर काय करावं ते मला सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर लिहा. माया तर आहेच, पण सध्या उपायाची जास्त गरज आहे.

भामा

---

उमापूर,
ता. २६ मे १९७३

सौ. वच्छलाताईस,
भामाचा नमस्कार.

तुम्ही आलात तेव्हा आत्याबाईंना नेऊन झालं होतं. दहावं, तेरावं, पाहुणे, यात आई कशी गेली हे तुम्ही मला दोनदा विचारलंत, पण सांगायला निवांतपणा मिळाला नाही. घरभर माणसं होती. आता लिहिते.

त्या दिवशी ऊन फार होतं. दुपारच्या सुट्टीत बायका बाभळीखाली बसल्या. आत्याबाईंनी सुकडी पदरात बांधली, घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, जरा पाठ टेकते. मी शेजारीच होते. मुकादमानं हाक दिली तेव्हा मी त्यांना उठवलं नाही. म्हटलं, पडू द्या अजून थोडं, त्यांच्या पाट्या मी भरते. मी भरतही होते. मग कामावरची चंद्रभागाबाई बाभळीकडे पाणी प्यायला गेली आणि तिथूनच ओरडली. आत्याबाईंना काही त्रास झाला नसावा. तोंड शांत होतं. एवढं तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी शहादेव भेटायला आला. तेरा दिवसांत तो आमच्या दाराकडे फिरकला नव्हता. दादा ओसरीवर बसले होते. तो पायरीवरच बसला आणि एकदम रडायला लागला. म्हणाला, मावशीला मी म्हटलं की भट्टी बंद आहे. माझ्या मागं कढईत तेल तापलेलं होतं, धूर निघत होता, समोर माणसं खात होती. मावशीनं ते सगळं बघितलं. आणि मला म्हणाल्या, बरं बाबा, पेटली की हाक मार.

ताई, तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी संध्याकाळी आत्याबाई दारात बसायच्या. रस्त्याकडे तोंड करून. मला वाटायचं वाऱ्याला बसल्यात.

शहादेव गेल्यावर दादा ओसरीवरून उठून आत चुलीपाशी आले. मग मला विचारलं, तिला कळलं होतं का गं, मीच सांगितलं होतं ते? की ती खरंच हाकेची वाट बघत होती? त्या दिवसापासून ते ताटावर बसतात आणि उठून जातात. सोसायटीत जातात, सह्या करतात, घरी येतात. माझ्याशी बोलत नाहीत, पण कोणावर रागावतही नाहीत.

तुम्ही आत्याबाईंच्या पोटच्या आहात. तुम्हाला ठाऊक असेल तर दादांना लिहा. काहीही लिहा, पण लिहा. आत्याबाई गेल्या म्हणून या घराला परकं करू नका.

तुमची,
भामा

---

सिरसाळा,
ता. ४ जून १९७३

ती. दादास,
वच्छलाचा शि. सा. न. वि. वि.

वहिनींचं पत्र आलं. आई झाडाखाली झोपेतच गेली हे त्यांनी कळवलं, त्यानं थोडं बरं वाटलं.

तू वहिनींना जे विचारलंस त्याचं उत्तर मी चार-पाच दिवस शोधतेय. तिला कळलं होतं असं लिहावं, तर पोटच्या पोरानं परत पाठवलं हे ती मनात धरून गेली असं होतं. नव्हतं कळलं असं लिहावं, तर ती दर बाजाराला हाकेची वाट बघत दारात बसली असं होतं. दोन्ही मला लिहवत नाही, आणि तुला वाचवणार नाही. खोटं लिहावं असंही मनात आलं. पण आपल्या दोघांनाही तिचा स्वभाव माहीत आहे, तुला ते लगेच कळलं असतं.

दादा, मला ठाऊक नाही. मी तिची मुलगी असून तिला काय आवडतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, मग हे कुठून असणार?

तू जेवत जा. वहिनी तुझ्या आधी जेवत नाहीत, तू उठलास की त्याही तशाच उठत असतील. हे तुझ्या ध्यानात आलं नसेल म्हणून लिहिते.

नागपंचमीला मी येणार आहे. आई नाही म्हणून येऊ नये असं इथं शेजारच्या दोघींनी सांगितलं, पण मी येणार. बीडहून दुपारची गाडी असते. तू स्टँडवर ये. बोलायचं काही नाही, तूही बोलू नकोस. माझ्या हातातली पिशवी तेवढी घे.

तुझी,
वच्छला