हेडमास्तरांसाठी सोपं गाणं

सोनई, शनिवार, डिसेंबर १९७१

आज गिटारच्या वर्गात हेडमास्तर पेटी घेऊन आले आणि पोरांना स्वतःच्या पट्टीत, काळी एकमध्ये वाजवायला लावलं. त्यात पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं. रूथचं बोट सोललं. "लई नाजूक हायेत तुमची पोरं, मास्तर!" म्हणून हसले. हसले!

ठीक आहे. नाताळसाठी दोनच कॉर्डचं गाणं निवडलंय. पोरांच्या बोटांना सोपं, पण चाल फार उंच. हेडमास्तरांनी "सोपं" एवढंच ऐकलं आणि "मीच म्हणणार" असं जाहीर केलं. म्हणा की! कडव्यात आवाज फाटणार, सगळ्या गावासमोर. मी दुष्ट आहे का? रूथचं बोट आठवलं की तसं वाटत नाही.

आणि गाणं मध्येच थांबवायचं कसं, ते मी पोरांना शिकवलेलंच नाही.